विश्लेषण : परदेशी शिक्षणासाठी खात्यात पैसे ‘दाखवायचे’ किती आणि कसे? विम्याची निवड कुठे चुकते?

परदेशातील विद्यापीठाचे प्रवेशपत्र ईमेलवर आले की घरात पेढे येतात. त्यानंतर आठवडाभरात घरातली चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते : ‘खात्यात किती पैसे दाखवायचे?’ या प्रश्नातले ‘दाखवायचे’ हे क्रियापदच अनेक कुटुंबांना अडचणीत आणते. व्हिसा देणारा देश हे पैसे नुसते पाहण्यासाठी मागत नाही, ते तिथे खर्च होणार आहेत असे धरून मागतो. आरोग्य विम्याचेही तसेच. ‘व्हिसापुरता स्वस्तातला घेऊ’ म्हणून घेतलेला विमा पुढे विद्यापीठाच्या दारात किंवा रुग्णालयात उपयोगी पडेलच असे नाही. २०२३ च्या अखेरीपासून जर्मनी, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या चारही देशांनी आर्थिक पुराव्याची रक्कम वाढवली आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा सल्ला आज जसाच्या तसा लागू पडत नाही. हे नियम नेमके काय आहेत आणि चूक कुठे होते, हे समजून घेऊ.

आर्थिक पुरावा म्हणजे नेमके काय?

विद्यार्थी आपल्या देशात आल्यावर शिकेल, उपाशी राहणार नाही, सरकारी मदतीवर अवलंबून राहणार नाही आणि पोटासाठी नियमबाह्य काम करणार नाही, याची खात्री यजमान देशाला हवी असते. त्यासाठी शिक्षण शुल्क आणि राहण्या-खाण्याचा ठरावीक खर्च उपलब्ध असल्याचे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. यात दोन पद्धती आहेत. एक, पैसे आधीच त्या देशातील खात्यात भरायचे आणि ते हप्त्याहप्त्याने परत मिळवायचे. जर्मनीचे ‘ब्लॉक्ड अकाउंट’ आणि कॅनडाचे ‘जीआयसी’ या प्रकारात मोडतात. दोन, पैसे भारतातील खात्यातच ठेवायचे, पण ते ठरावीक काळ तिथे होते हे दाखवायचे. ब्रिटनची पद्धत अशी आहे. शिकताना अर्धवेळ काम करून मिळणारे संभाव्य उत्पन्न मात्र या पुराव्यात सहसा धरले जात नाही.

कोणत्या देशाला किती रक्कम हवी?

जर्मनीत सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमधील अभ्यासक्रमासाठी महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, तेही जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी. हिशेब केला तर लंडनसाठी १३,७६१ आणि बाहेर १०,५३९ पौंड होतात. न भरलेले पहिल्या वर्षाचे शुल्क यात वेगळे मिळवायचे. कॅनडाने अनेक वर्षे १० हजार डॉलरवर असलेली रक्कम १ जानेवारी २०२४ पासून २०,६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर केली. शुल्क आणि प्रवासखर्च त्यावर वेगळा. ऑस्ट्रेलियाने मे २०२४ मध्ये ही रक्कम २४,५०५ वरून २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवर नेली. अमेरिकेत सर्वांसाठी एकच आकडा नाही. विद्यापीठ आपल्या शहराचा खर्च धरून ‘आय-२०’ या कागदावर पहिल्या वर्षाची रक्कम लिहिते आणि तेवढी सोय असल्याचे मुलाखतीत पटवून द्यावे लागते.

या रकमा मनाला येतील तशा ठरत नाहीत. कॅनडा ती आपल्या सांख्यिकी विभागाच्या अल्प-उत्पन्न मर्यादेशी जोडतो. जर्मनी ती ‘बाफग’ या आपल्याच विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी साह्याच्या कमाल दराशी जोडतो. म्हणजे तिथला खर्च वाढला की ही रक्कम पुन्हा वाढणार, हे गृहीत धरायला हवे.

जर्मनीचे ‘ब्लॉक्ड अकाउंट’ कसे चालते?

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीय सर्वाधिक आहेत. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या सुमारे ५९ हजार होती. बहुतांश सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसल्याने महाराष्ट्रातील अभियांत्रिकी पदवीधरांचा ओढाही तिकडे वाढला आहे. अर्थात बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केले आहे.

व्हिसासाठी ११,९०४ युरो या विशेष खात्यात आधी भरावे लागतात. जर्मनीत ते ‘श्पेरकोन्टो’ म्हणून ओळखले जाते. विद्यार्थी तिथे पोहोचला, त्याने साधे बँक खाते उघडले, की दरमहा ९९२ युरो त्या खात्यात येऊ लागतात. त्यापेक्षा जास्त रक्कम एकदम काढता येत नाही. मान्य शिष्यवृत्ती किंवा जर्मनीत राहणाऱ्या व्यक्तीने तिथल्या प्रशासनाकडे दिलेले खर्चाचे हमीपत्र हे पर्यायही आहेत, पण बहुतेक भारतीय विद्यार्थी खात्याचाच मार्ग धरतात.

इथे दोन गोष्टी लक्षात येत नाहीत. पहिली, हा पुरावा एकदाच द्यायचा नसतो. निवास परवान्याचे नूतनीकरण करताना पुढच्या काळासाठीची आर्थिक सोय पुन्हा दाखवावी लागते. दुसरी, विनिमय दर. एका युरोला १०० रुपये असा सोपा हिशेब धरला तर ही रक्कम ११ लाख ९० हजार रुपये होते. युरो एका रुपयाने महागला की लगेच ११,९०४ रुपये वाढतात. पाच रुपयांनी महागला तर जवळपास ६० हजार. कर्ज मंजूर होताना आणि प्रत्यक्ष पैसे पाठवताना तीन-चार महिन्यांचे अंतर असते. त्या काळातील ही वाढ घरच्यांना खिशातून भरावी लागते.

९९२ युरोंत महिना भागतो का?

हा आकडा कसा तयार झाला ते पाहिले की उत्तर मिळते. ‘बाफग’च्या ९९२ युरोंत मूलभूत गरजांसाठी ४७५, घरासाठी ३८०, आरोग्य विम्यासाठी १०२ आणि दीर्घकालीन शुश्रूषा विम्यासाठी ३५ युरो धरलेले आहेत. म्हणजे विमा या रकमेतच आहे, वेगळा नाही. आणि घरासाठी ३८० युरो हे म्युनिकसारख्या शहरात स्वप्नवत आहे. तिथे सामायिक घरातील एका खोलीचे सरासरी भाडे सुमारे ८०० युरो आहे. पूर्व जर्मनीतील लहान शहरात ९९२ युरोंत काटकसरीने भागू शकते. म्युनिकमध्ये भाडे आणि विमा देऊन ५० युरोही उरणार नाहीत.

खरा कस पहिल्या महिन्यात लागतो. जर्मन कायद्यानुसार घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत घेऊ शकतो. समजा, खोलीचे भाडे ४५० युरो आहे. अनामत १,३५० आणि पहिले भाडे ४५० मिळून १,८०० युरो झाले. त्यात सत्र शुल्क आणि विम्याचा पहिला हप्ता मिळवा. ब्लॉक्ड अकाउंटमधून मात्र महिन्याला ९९२ युरोच सुटतात आणि तेही स्थानिक खाते सुरू झाल्यावर. त्यासाठी अनेक बँका पत्त्याची नोंदणी मागतात आणि पत्त्यासाठी घर लागते. खात्यात जवळपास १२ लाख रुपये असताना विद्यार्थी मित्राकडून उसने मागतो, ते यामुळे. म्हणून या रकमेव्यतिरिक्त किमान २,००० ते २,५०० युरो लगेच वापरता येतील असे जवळ असणे गरजेचे आहे.

ब्रिटनचा २८ दिवसांचा नियम कुठे अडकवतो?

ब्रिटनमध्ये पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि हा काळ संपल्याची तारीख अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आतली हवी. मधल्या एका दिवशी जरी शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली, तरी गणना नव्याने सुरू होते. कुटुंबाच्या रोजच्या व्यवहाराच्या खात्यातच पैसे ठेवले आणि घरकर्जाचा हप्ता त्यातून कापला गेला, एवढ्यानेही अर्ज अडचणीत येऊ शकतो. त्यामुळे रकमेपेक्षा थोडे जास्त आणि शक्यतो वेगळ्या खात्यात ठेवणे शहाणपणाचे.

खाते विद्यार्थ्याचे किंवा आई-वडिलांचे हवे. आई-वडिलांचे असेल तर जन्मदाखला आणि त्यांचे संमतीपत्र लागते. काका, मामा, आत्या किंवा थोरला भाऊ यांच्या खात्यातील रक्कम, त्यांची कितीही तयारी असली तरी, चालत नाही. आपल्याकडे शिक्षणाचा खर्च उचलणारे काका-मामा घरोघरी असतात. त्यांनी पैसे आई-वडिलांच्या किंवा विद्यार्थ्याच्या खात्यात वेळेत वर्ग करणे आणि तो व्यवहार कसा झाला याचा कागद ठेवणे हाच मार्ग आहे. कॅनडाही मागील चार महिन्यांची बँक विवरणपत्रे मागतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक आलेली मोठी रक्कम तिथेही प्रश्न निर्माण करते.

पतसंस्थेतील ठेव, शेतजमीन, सोने चालते का?

महाराष्ट्रातील निमशहरी कुटुंबांसाठी हा कळीचा मुद्दा आहे. अनेकांची आयुष्यभराची बचत गावातल्या पतसंस्थेत असते. ब्रिटनच्या नियमानुसार वित्तसंस्था त्या देशातील योग्य नियामकाच्या देखरेखीखाली असावी, तिच्या नोंदी इलेक्ट्रॉनिक असाव्यात आणि तिच्याकडे पडताळणी करता यावी. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे तर सहकार निबंधकांच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे तिथली ठेव पुरावा म्हणून देणे जोखमीचे आहे. ती वेळेत मोडून अनुसूचित बँकेत आणणे चांगले, आणि हे २८ दिवसांच्या हिशेबाच्या आधी व्हायला हवे.

शेअर, रोखे, निवृत्तिवेतन निधी आणि क्रेडिट कार्डची मर्यादा ब्रिटन ग्राह्य धरत नाही. सातबारा, फ्लॅटचे मूल्यांकन, सनदी लेखापालाने दिलेले मालमत्तेचे प्रमाणपत्र यांनी कुटुंबाची ऐपत कळते. पण मागितलेली रोख रक्कम त्याने सिद्ध होत नाही. जमीन ही कर्जासाठी तारण होऊ शकते, पुरावा कर्जाचा द्यावा लागतो.

‘फंड दाखवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून धोका काय?

खात्यात रक्कम कमी पडते तिथे काही एजंट पुढे येतात. महिनाभरासाठी तुमच्या खात्यात पैसे टाकतो, व्हिसा मिळाला की परत घेतो, असा हा व्यवहार. समजा, १२ लाख रुपये महिना दोन टक्के व्याजाने घेतले तर महिन्याला २४ हजार रुपये व्याज जाते आणि हाती काहीच उरत नाही. कागदपत्रे बनावट निघाली किंवा माहिती लपवल्याचे सिद्ध झाले, तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत आणि कॅनडा पाच वर्षे प्रवेश नाकारू शकतो.

यापेक्षा मोठा धोका व्हिसा मिळाल्यानंतरचा आहे. पैसे परत गेल्यावर विद्यार्थी तिथे रिकाम्या हाताने उतरतो. मग कामाच्या तासांची मर्यादा ओलांडण्याचा मोह होतो. सत्र चालू असताना ब्रिटनमध्ये आठवड्याला २० तास, कॅनडात महाविद्यालयाबाहेर २४ तास आणि ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास काम करता येते. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. ही मर्यादा मोडली तर व्हिसा रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ज्या पुराव्याला अडथळा समजून वळसा घातला, तो नसल्याची किंमत मुलाला तिथे मोजावी लागते.

कर्ज आणि ‘टीसीएस’चा हिशेब कसा?

भारतीय बँक महासंघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपुढील कर्जाला तारण लागते. कर्जमंजुरीचे पत्र आणि प्रत्यक्ष मिळालेली रक्कम यात फरक आहे. ब्रिटनमध्ये शैक्षणिक कर्ज योजनेखालील मंजुरीपत्र पुरावा ठरू शकते. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटला मात्र प्रत्यक्ष पैसेच लागतात. त्यामुळे बँक त्या खात्यात थेट रक्कम वर्ग करते का आणि किती दिवसांत, हे अर्ज करतानाच विचारून घ्यावे.

उदारीकृत प्रेषण योजनेखाली एक व्यक्ती आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलर परदेशी पाठवू शकते. १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर ‘टीसीएस’ म्हणजे स्रोतावरील करसंकलन नाही. आधी ही मर्यादा सात लाख होती. ठरावीक वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पैसे पाठवले तर टीसीएस लागतच नाही. स्वतःच्या पैशातून पाठवल्यास दहा लाखांवरील रकमेवर २०२५-२६ या वर्षासाठी पाच टक्के दर होता. म्हणजे २४ लाख पाठवले तर १४ लाखांवर ७० हजार रुपये. हा वेगळा कर नाही, विवरणपत्र भरताना तो वळता किंवा परत मिळतो. पण ऐन गरजेच्या वेळी तेवढी रक्कम अडकते. ही मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

विम्याचे नियम देशागणिक कसे बदलतात?

ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार व्हिसा अर्जासोबतच भरावा लागतो. एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा व्हिसा साधारण १६-१७ महिन्यांचा मिळतो, त्यामुळे दीड वर्षाचे १,१६४ पौंड जातात. त्या बदल्यात तिथली सरकारी आरोग्य सेवा मिळते. दात, चष्मा आणि इंग्लंडमध्ये औषधांच्या चिठ्ठीचे पैसे वेगळे. ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या संपूर्ण काळासाठी ‘ओएसएचसी’ हा विमा बंधनकारक आहे आणि आधीपासूनच्या आजारांना त्यात १२ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असू शकतो. कॅनडात प्रांतानुसार चित्र बदलते. अल्बर्टात वर्षभर किंवा अधिक काळाच्या परवान्यावर प्रांतिक सेवा मिळते, ओंटारियोत मिळत नाही. तिथली विद्यापीठे आपली विमा योजना लावतात. अमेरिकेत ‘एफ-१’ व्हिसासाठी केंद्रीय कायद्याने विमा सक्तीचा नाही, पण विद्यापीठे तो सक्तीचा करतात. भारतातून घेतलेला स्वस्त विमा चालवायचा असेल तर विद्यापीठाच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. त्या न पाहता विमा घेतला तर दोन्हीकडे हप्ता भरावा लागतो.

जर्मनीत विमा घेताना कोणती चूक महागात पडते?

भारतातून घेतलेला प्रवास विमा फक्त व्हिसा आणि पहिल्या काही दिवसांसाठी असतो. विद्यापीठात नाव नोंदवताना सरकारी आरोग्य विमा संस्थेकडून विद्यापीठाला इलेक्ट्रॉनिक सूचना जावी लागते. तिशीच्या आतील विद्यार्थ्यांना सरकारी विम्याचा सवलतीचा दर मिळतो. २३ वर्षांवरील, मूल नसलेल्या विद्यार्थ्याला तो शुश्रूषा विम्यासह महिन्याला साधारण १४० ते १५० युरो पडतो.

खासगी विमा यापेक्षा बराच स्वस्त मिळतो आणि तिथेच चूक होते. खासगी विमा घ्यायचा तर सरकारी विम्यातून सूट घ्यावी लागते. शिक्षण सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत घेतलेली ही सूट त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही. सहा महिन्यांनी गंभीर आजार निघाला आणि खासगी विम्याने नकार दिला, तरी विद्यार्थी म्हणून सरकारी विम्यात परतता येत नाही. महिन्याला वाचलेल्या युरोंपुढे ही जोखीम फार मोठी आहे. तिशी ओलांडलेल्यांना आणि फक्त भाषा अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना मात्र हा सवलतीचा दर मिळत नाही. नोकरीची काही वर्षे काढून जाणाऱ्यांनी विम्याचा खर्च आधीच विचारून घ्यावा.

विमा काय देत नाही?

सरकारी आरोग्य सेवा उपचार देते. गंभीर अवस्थेतील विद्यार्थ्याला मायदेशी आणणे, पालकांचा तातडीचा प्रवास किंवा दुर्दैवाने मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणणे हा तिचा भाग नसतो. परदेशात एखादा विद्यार्थी गेला की समाजमाध्यमांवर मदतनिधीची आवाहने फिरू लागतात, ती बऱ्याचदा याच खर्चासाठी असतात. भारतीय कंपन्यांच्या विद्यार्थी प्रवास विम्यात अशा खर्चाची तरतूद असते. खर्च उचलणाऱ्या पालकाचा मृत्यू झाल्यास शुल्काची भरपाई देणारे कलमही काही योजनांत असते. त्यामुळे तिथला आरोग्य विमा आणि इथला विद्यार्थी प्रवास विमा एकमेकांना पर्याय नाहीत, दोन्हींची कामे वेगळी आहेत. २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून भारतीय दूतावास गरजूंना मदत करतात, पण ती आर्थिक स्थिती पाहून मिळते. तिच्या भरवशावर विमा टाळणे योग्य नाही.

आणखी एक गैरसमज. शैक्षणिक कर्जासोबत अनेकदा एक विमा दिला जातो. कर्जदाराचा मृत्यू झाला तर कर्ज फिटावे, यासाठीचा तो विमा असतो. तो आरोग्य विमा नव्हे. पावतीवर ‘विमा’ असे लिहिले आहे म्हणून मुलाच्या आजारपणाची सोय झाली, असे समजू नये.

मग हिशेब कसा मांडावा?

व्हिसासाठी मागितलेली रक्कम ही किमान आहे. ती कुटुंबाचे अंदाजपत्रक नव्हे. वहीत चार ओळी वेगळ्या कराव्यात. पहिली, पुराव्याची रक्कम आणि तिच्यावर विनिमय दरासाठी किमान पाच टक्के जास्त. दुसरी, पहिल्या दोन महिन्यांची हाताशी लागणारी रक्कम. तिसरी, संपूर्ण अभ्यासक्रमाच्या काळातील विमा. चौथी, दुसऱ्या वर्षाची सोय. या चारही ओळी अर्धवेळ नोकरीचा रुपयाही न धरता जुळत असतील, तर निघायला हरकत नाही. जुळत नसतील तर एक सत्र थांबणे, लहान शहरातील विद्यापीठ निवडणे किंवा राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांसाठी पात्र असल्यास अर्ज करणे, हे पर्याय आहेत. घर तारण ठेवून पाठवलेल्या मुलाने पहिल्याच हिवाळ्यात खर्चाला घाबरून डॉक्टरकडे जाणे टाळावे, अशी वेळ येऊ नये. त्यासाठी हा हिशेब विमानाचे तिकीट काढण्याआधीच व्हायला हवा.